चाकांवरच्या घराचा सांधा

सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला दुरुस्ती हा शब्द बहुधा मसुद्याच्या संदर्भातच आठवतो. टिपणी दुरुस्त करावी, परिपत्रक दुरुस्त करावे, फार झाले तर एखाद्या नियमात दुरुस्ती सुचवावी, एवढीच आमची मजल. तोंडाला मास्क बांधून, हातात ग्राइंडर घेऊन एखादी खरीखुरी वस्तू दुरुस्त करण्याचा प्रसंग माझ्यावर आयुष्यात एकदाच आला, आणि ती वस्तू म्हणजे एक घर होते. घर लहानसे होते, जेमतेम १३ फूट लांबीचे, आणि त्याला चाके होती. २०२२ च्या उन्हाळ्यात अर्जित रजा घेऊन मी कॅनडातील विनिपेग शहरी माझ्या मामेभावाकडे गेलो होतो, तेव्हाची ही हकीकत आहे. तीत माझी प्रौढी सांगावी असे फारसे काही नाही. उलट, पहिल्या खेपेस आम्ही दोघांनी जी चूक केली तिचेच वर्णन मला अधिक करावे लागणार आहे.

मोटारीच्या मागे जोडून न्यावयाचे असे छोटे घर उत्तर अमेरिकेत पुष्कळ कुटुंबांकडे असते. सुटीत ते मोटारीला अडकवावयाचे, एखाद्या सरोवराकाठी किंवा अरण्यात नेऊन उभे करावयाचे आणि त्यातच स्वयंपाक करून त्यातच झोपावयाचे, असा तेथील रिवाज आहे. त्याला प्रवासी ट्रेलर म्हणतात. पूर्वी असे ट्रेलर बहुतेक लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून बनवीत असत. १९६८ मध्ये विनिपेग येथे रे ओलेको यांनी निराळ्या धर्तीचा ट्रेलर बाजारात आणला. त्याला सांगाडा नव्हता. त्याचे सारे अंग फायबरग्लासचे होते. साहेबी थाटाच्या गोल, टणक टोपीला इंग्रजीत बोलर म्हणतात. तिच्यासारखा त्याचा आकार, म्हणून त्याचे नावही बोलर असेच ठेवण्यात आले. वजनाला तो इतका हलका होता की साधी मोटारही त्याला ओढू शके. आत एका बाजूस मेज, रात्री त्याचाच पलंग, दुसऱ्या बाजूस मुलांसाठी एकावर एक दोन बिछाने आणि मध्ये शेगडी व हात धुण्याची जागा, एवढा संसार त्या १३ फुटांत मावे. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बॅकस या गावी त्याच धर्तीवर स्कॅम्प नावाचे ट्रेलर निघू लागले, ते अजूनही तयार होतात. बोलरचे उत्पादन मात्र १९८० नंतरच्या दशकात थांबले. तरीही २०१८ मध्ये त्याला पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने विनिपेगमध्ये असे शेकडो जुने ट्रेलर एकत्र जमले होते. पत्र्याचे त्यांचे समवयस्क एव्हाना भंगारात गेले. हे अजून रस्त्यावर आहेत.

ते टिकले कसे, हे समजण्यासाठी ते बनतात कसे हे थोडे पाहिले पाहिजे. फायबरग्लास म्हणजे काच आणि राळ यांचा संसार. काचेचे केसाहून बारीक तंतू ओढीला फार चिवट असतात, परंतु त्यांना स्वतःचा आकार नसतो. पॉलिएस्टर रेझिन नावाची कृत्रिम राळ हवा तो आकार धरते, परंतु एकटी असली तर ठिसूळ असते. दोहोंचा जोड जमला म्हणजे हलके आणि मजबूत असे द्रव्य तयार होते. कारखान्यात प्रथम गुळगुळीत साचा घेतात आणि त्याला मेणाचा हात देतात. त्यावर जेलकोट नावाचा रंगीत रेझिनचा अर्ध्या मिलिमीटरइतका पातळ थर चढवितात. त्यामागून काचतंतूंच्या चटया घालून त्या रेझिनमध्ये भिजवितात, रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढतात आणि ते घट्ट होऊ देतात. म्हणजे येथे रंग शेवटी लागत नाही, तो सर्वांत आधी लागतो. भिंत त्याच्या मागून उभी राहते.

आता असे पाहा की, संपूर्ण अंड्यासारखी बंद वस्तू एका साच्यात घडविली तर ती साच्यातून बाहेर काढावयाची कशी? म्हणून ती दोन अर्ध्यांत घडवितात, एक वरचा आणि एक खालचा. मग डब्यावर झाकण बसवावे तसा वरचा अर्धा खालच्यावर बसवितात आणि कमरेच्या उंचीवर, आतल्या बाजूने, रेझिनमध्ये भिजविलेल्या काचतंतूंच्या पट्ट्या देऊन दोहोंना एकजीव करतात. बाहेरून जी रेघ उरते तिच्यावर धातूची किंवा व्हिनिलची पट्टी ठोकतात. पाहणाऱ्याला ही बाहेरची पट्टी कमरपट्ट्यासारखी दिसते आणि तिनेच दोन्ही भाग धरून ठेवले आहेत असा त्याचा समज होतो. वस्तुतः सारे बळ आतल्या पट्ट्यांत असते. बाहेरच्या पट्टीचे काम सांधा झाकणे आणि पावसाला अडविणे एवढेच. या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे आमचे पहिले काम फसले.

पत्र्याच्या ट्रेलरला कोपऱ्याकोपऱ्यावर सांधे असतात, छपरावरही असतात, आणि जेथे सांधा तेथे पाणी. फायबरग्लासच्या ट्रेलरला खिडक्या, दार आणि झरोके सोडले तर मोठा सांधा हा एकच. त्यामुळेच तो दीर्घायुषी झाला. परंतु त्यामुळेच त्या एका सांध्यावर सारी भिस्त आहे. कमरपट्टा बसविताना त्यातून रिव्हेट मारतात. प्रत्येक रिव्हेटसाठी एक भोक, आणि प्रत्येक भोक बुजविणारे द्रव्य कालांतराने वाळते व तडकते. तेथून पावसाचे पाणी आत झिरपते. विनिपेगचा हिवाळा तर असा की पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही. पाणी गोठले की ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. सांध्याच्या फटीत शिरलेला थेंब हिवाळ्यात पाचरीचे काम करतो, आणि उन्हाळ्यात रस्त्याचे हिसके बसून तीच फट आणखी वाढते. शिवाय या ट्रेलरमधली कपाटे आणि बिछान्यांच्या फळ्या या केवळ सोयीसाठी नसतात. त्या कवचाला आतून आधार देतात. एखाद्या हौशी मालकाने अधिक ऐसपैस जागा व्हावी म्हणून कपाट काढले, की छप्पर किंचित दबते, सांध्यावर ताण येतो आणि दार चौकटीत नीट बसेनासे होते.

माझ्या मामेभावाने घेतलेला ट्रेलर याच घराण्यातला होता; तो कोणत्या कारखान्याचा हे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष कारखान्याचा नव्हता, वयाचा आणि मधल्या मालकांच्या हौसेचा होता. दारापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत कमरपट्ट्याखालून एक बारीक चीर गेलेली दिसत होती. दादा म्हणाला, “तू आला आहेस तर दोन दिवसांत हे उरकून टाकू.” आम्ही पट्टा काढला, चिरेभोवतीचा जुना रंग खरवडला, रंगारी जिला लांबी म्हणतात तशी मोटारकामाची लांबी चिरेत दाबून भरली, ती घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर पांढरा रंग दिला. पट्टा पुन्हा बसविला, आणि पट्ट्याच्या कडेने सिलिकोनची एक लांबलचक वळी ओढली. काम इतके सुबक झाले की शेजारी येऊन पाहून गेले. मीही दोन-चार छायाचित्रे काढून घरी पाठविली, हे कबूल केले पाहिजे.

पंधरा दिवसांनी आम्ही सर्वजण त्या ट्रेलरसह रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानात गेलो. वाटेत काही मैल खडीचा रस्ता लागला. दुसऱ्या रात्री मुसळधार पाऊस झाला. पहाटे माझी नऊ वर्षांची पुतणी आईला हलवून सांगू लागली की, तिची गादी ओली झाली आहे. गादी उचलून पाहिली तर तिच्याखालची फळी भिजून काळी पडली होती. भिंतीवरचे मऊ फोमचे अस्तर दाबले तेव्हा स्पंज दाबावा तसे त्यातून पाणी आले. बाहेर जाऊन पाहिले तर आम्ही भरलेल्या लांबीतून तीच जुनी चीर पुन्हा सरळ रेघेत वर आली होती. लांबी चिरेला भरते, परंतु धरून ठेवीत नाही. तिच्यात काचतंतू नाहीत, ओढ सोसण्याची ताकद नाही. दोन अर्धे आतून सुटलेले होते, ते रस्त्यावर एकमेकांपासून हलत होते, आणि आम्ही त्या हलणाऱ्या फटीवर एक सुंदर पापुद्रा चढविला होता.

घरी परतल्यावर एक अवघड प्रसंग आला. एका तरुण जोडप्याने हा ट्रेलर पूर्वी पाहिला होता आणि त्यांना तो विकत हवा होता. दादाला वाटले, पुन्हा एकदा लांबी भरावी, रंगाचा हात द्यावा आणि देऊन मोकळे व्हावे. खरे सांगावयाचे तर मीही गप्प बसलो. कागदावर सारे यथास्थित दिसले की प्रकरण निकालात काढण्याची सवय मला नव्हती असे मी म्हणू शकत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतीला चुना लावलेल्या इमारती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. वहिनी भाजी चिरीत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, “अहो, त्यांना दीड वर्षाचा मुलगा आहे ना? तो त्याच बिछान्यावर झोपणार की दुसऱ्या?” एवढ्यावर तो विषय संपला. मी परत येण्याची तारीख पुढे ढकलली, आणि आम्ही सांधा मुळापासून उघडण्याचे ठरविले.

दुरुस्तीचा पहिला नियम आम्ही शिकलो तो असा की, घासण्याआधी पुसावयाचे. जुन्या अंगावर वर्षानुवर्षांचे मेण आणि तेलकटपणा असतो. आधी पॉलिशपेपर चालविला तर हे मेण ओरखड्यांत खोल दाबले जाते आणि पुढचा कोणताही थर तेथे धरत नाही. म्हणून मेण विरघळविणाऱ्या द्रवाने, फडके वारंवार बदलून, अंग स्वच्छ करावे लागते. सिलिकोनने तर आमचा अंत पाहिला. पंधरा मिनिटांत ओढलेली ती वळी काढावयाला दीड दिवस लागला. सिलिकोनचा डोळ्यांना न दिसणारा अंश मागे राहिला तरी त्यावर रंग बसत नाही. माशाच्या डोळ्यांसारखी वर्तुळे पडून तो मागे सरतो. रंगवावयाच्या जागी सिलिकोन कधीही वापरू नये, हे आम्ही स्वतःच्या पाठीवर वळ उठवून घेऊन शिकलो.

मग आतील अस्तर सोलून काढले, आणि खरा आजार दिसला. सांध्यावरची कारखान्यातली काचपट्टी सुमारे पाच फूट लांब सुटली होती; तिच्या कडेखाली रंगारी वापरतात ती पातळ पाती सहज आत जात होती. सांध्यावर चावीच्या मागच्या टोकाने टकटक केले की पक्का भाग खणखणीत बोले आणि सुटलेला भाग बद्द आवाज करी. अशा रीतीने आम्ही चाळीस-पन्नास ठिकाणी टकटक करून पेन्सिलीने सीमा आखल्या. सुटलेला सारा भाग काढून टाकला. कोपऱ्यातील कुजलेली प्लायवूडची फळी बदलली. त्यानंतर चार दिवस पंखा लावून सर्व वाळू दिले. वाळले की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी की, पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूस दव दिसले तर अजून ओल आहे असे समजावे. आमच्या प्लास्टिकवर पहिल्या दोन सकाळी दव होते, तिसऱ्या सकाळी नव्हते.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच लोक विसरतात. ट्रेलर सपाट जमिनीवर समपातळीत उभा केला, चारही कोपऱ्यांना टेकू दिले, आणि दबलेले छप्पर आतून लाकडी खांब लावून हळूहळू, एका दिवसात थोडे थोडे असे, मूळ जागी उचलले. दाराभोवतीची फट वरखाली सारखी झाली तेव्हाच आम्ही थांबलो. रेझिन घट्ट होईल तेव्हा वस्तू ज्या आकारात असेल तोच आकार कायमचा राहतो. वाकड्या घराचा सांधा पक्का केला तर वाकडेपणाच पक्का होतो.

कोणते रेझिन वापरावे यावर आमच्यात बराच खल झाला. ताज्या पॉलिएस्टरवर ताजे पॉलिएस्टर चढविले तर दोन्ही थर रसायनाने एकजीव होतात. परंतु पन्नास वर्षांपूर्वी वाळून गेलेल्या अंगावर नवा थर केवळ खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतो, आणि तेथे इपॉक्सी रेझिनची पकड पॉलिएस्टरपेक्षा पुष्कळ चांगली असते. म्हणून आम्ही इपॉक्सी निवडले. तिचेही नियम आहेत. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर शेकडा एक-दोन भाग एवढाच लागतो आणि हवामान पाहून तो मर्यादेत कमीजास्त करता येतो. इपॉक्सीत मात्र दोन घटकांचे प्रमाण डब्यावर लिहिले असेल तेच पाळावे लागते; लवकर वाळावे म्हणून हार्डनर अधिक घातला तर मिश्रण लवकर वाळत नाही, ते कायमचे कच्चे राहते. आणखी एक गोष्ट अशी की, बाजारात मिळणाऱ्या सामान्य काचचटईतील तंतू ज्या डिंकासारख्या द्रव्याने एकत्र धरलेले असतात ते द्रव्य पॉलिएस्टरमधील स्टायरीनमध्ये विरघळते. इपॉक्सीत स्टायरीन नसते. त्यामुळे ती चटई ताठच राहते आणि कोपऱ्यात नीट बसत नाही. इपॉक्सीसाठी शिवणीने धरलेले काचकापड घ्यावे.

सांध्याच्या दोन्ही अंगांना आम्ही आतून ग्राइंडरने उतार दिला. जाडीच्या बारा पट लांबीचा उतार, हे अशा कामाचे जुने प्रमाण आहे. कवच चार मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूस सुमारे पाच सेंटिमीटर. उतार जितका लांब, तितकी पकडीची जागा मोठी आणि ताण तितका पसरलेला. या घासण्यातून जी धूळ उडते ती काचेची धूळ असते हे विसरता कामा नये. चांगला मास्क, बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि धूळ ओढून घेणारे यंत्र, यांवाचून हे काम करू नये. पुतणीला आम्ही त्या अंगणाच्या बाजूस फिरकू दिले नाही. एवढे करूनही माझे मनगट दोन दिवस खाजत होते.

फटीत प्रथम इपॉक्सीची घट्ट लगदी भरली, कोपरा गोलसर केला, आणि त्यावर भिजविलेल्या काचकापडाच्या तीन पट्ट्या, प्रत्येक आधीपेक्षा थोडी रुंद अशा, लहान रुळाने दाबून बसविल्या. मिश्रण एका वेळी थोडेच करावे. एकदा प्लास्टिकच्या पेल्यात उरलेले रेझिन आम्ही तसेच बाजूला ठेवले. दहा मिनिटांत पेला हाताला चटका देऊ लागला आणि त्यातून धूर निघाला. रेझिन घट्ट होताना उष्णता निर्माण होते. ते खोल भांड्यात साचून राहिले तर ती उष्णता कोंडते. पसरट थाळीत ओतले तर कामाला वेळही अधिक मिळतो आणि धोकाही टळतो. पट्ट्या बसविल्यावर एक दिवस-रात्र कशालाही हात लावला नाही. टेकू तर आठवडाभर काढले नाहीत.

आत बळ आल्यावर मगच आम्ही बाहेर वळलो. बाहेरची चीर आता हलत नव्हती. तिला दोन्ही अंगांनी तासून उथळ घळीसारखा आकार दिला, तीत पातळ काचकापडाचे दोन थर दिले, आणि त्यावर पृष्ठभाग समतल करण्यासाठी सूक्ष्म पोकळ काचगोल मिसळलेली हलकी लगदी लावली. प्रत्येक वेळी वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट साय येऊ शकते. ती घासण्यापूर्वी साध्या पाण्याने धुऊन काढावी लागते. मग लांब लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर लावून प्रथम ८० नंबरने, नंतर १२० ने आणि शेवटी २२० ने घासले. बोटांनी कागद धरून घासले तर बोटांच्या खाली खड्डे पडतात. पृष्ठभागावर पेन्सिलीच्या आडव्यातिडव्या रेघा ओढून मग घासावे. जेथे रेघ टिकून राहील तेथे खड्डा आहे असे समजावे. डोळ्यांपेक्षा तळहाताला उंचसखल लवकर कळते. दादा डोळे मिटून हात फिरवीत असे आणि बहुधा त्याचेच बरोबर निघे.

जेलकोट हा पॉलिएस्टरचा प्रकार असल्यामुळे तो इपॉक्सीवर खात्रीने वाळेल असे नाही. म्हणून आम्ही इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग घेतला. हा रंग फवाऱ्याने मारला तर त्यातील आयसोसायनेट हवेत जाते, आणि त्यापासून फुप्फुसाला अपाय होतो. बाहेरून हवा पुरविणाऱ्या मुखवट्याशिवाय ते करू नये. आम्ही उघड्या हवेत, योग्य काडतुसाचा मुखवटा घालून, रूळ आणि मऊ कुंचला यांनीच काम भागविले. पन्नास उन्हाळे सोसलेल्या पांढऱ्या रंगाशी नव्या पांढऱ्याचा मेळ बसविणे जवळपास अशक्य असते. म्हणून सांध्याच्या रेषेत सभोवार एक रुंद निळा पट्टाच देऊन टाकला. वहिनींना तो साडीच्या काठासारखा वाटला, आणि मुलीला आवडला.

कमरपट्टा परत बसविण्यापूर्वी रिव्हेटची सारी जुनी भोके इपॉक्सीने बुजवून नव्याने पाडली आणि पट्ट्याखाली ब्यूटिल रबराची चिकट फीत घातली. ती वर्षानुवर्षे मऊ राहते आणि पुढे काढावयाची झाली तर मागे डाग ठेवीत नाही. शेवटी पाण्याची परीक्षा. नळी एकदम वरून सोडली तर पाणी कोठून शिरले हे कळत नाही. म्हणून ती आधी खालच्या भागावर दहा मिनिटे धरावी आणि मग हातभर वर, पुन्हा हातभर वर, असे चढत जावे. एक माणूस आत कंदील घेऊन बसलेला असावा. चौकशी खालून वर न्यावी हा कचेरीतला क्रम येथेही उपयोगी पडला. आत मी बसलो होतो. तासाभरात एक थेंबही आला नाही.

अस्तर पुन्हा लावताना एक प्रश्न उरला होता. सगळे झाकून टाकले की काम पूर्ण दिसले असते. परंतु दादाने खालच्या बिछान्याशेजारच्या कपाटात, नव्या सांध्यावरची हातभर जागा उघडीच ठेवली. काचकापडाची वीण तेथे स्पष्ट दिसते. त्याच्या शेजारी त्याने पेन्सिलीने दुरुस्तीची तारीख लिहिली, आणि कोणते रेझिन वापरले तेही. पुढे कोणाला सांधा पाहावयाचा असेल तर भिंत सोलावी लागू नये, एवढाच त्याचा हेतू.

मी परत आलो. पुढच्या वसंतात, हिवाळा सोसून झाल्यावर, ते जोडपे पुन्हा ट्रेलर पाहावयास आले. दादाने मला फोनवर सांगितले की, त्याने त्यांना निळा पट्टा दाखविण्याआधी कपाट उघडून दाखविले, आमची पहिली फसलेली दुरुस्ती सांगितली आणि ओल्या गादीचे छायाचित्रही पुढे ठेवले. तो तरुण गुडघ्यांवर बसला, त्याने चावी काढली आणि सांध्यावर टकटक करून पाहिले. आवाज खणखणीत आला. व्यवहार त्याच दिवशी झाला. त्यांच्या मुलाचा बिछाना कोणता, हे विचारावयाचे मात्र माझ्याकडून राहून गेले.